शुक्रवार पेठेतलं आमचं १९१४ चं घर आणि चुन्याच्या गिलाव्याचं काम

ज्यांची कोल्हापुरात पेठेत जुनी घरं आहेत आणि महापुराचं पाणी भिंतीला लागून गेलंय त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय. दरवर्षी दिवाळीला रंग मारायचा आणि पुढच्या पावसाळ्यानंतर तोच रंग पापुद्र्यानं खाली, हा प्रकार ज्यांच्या घरी चालू असेल त्यांनी शेवटपर्यंत वाचा. आमच्या घराचं काम एका मिस्त्रींनी आणि त्यांच्या माणसांनी केलं, एका उन्हाळ्यात सुरू झालं आणि पुढच्या उन्हाळ्यात संपलं. काम लई भारी झालंय. मिस्त्रींनी नाव-नंबर इथं टाकू नका म्हणून सांगितलंय कारण हातात आधीच कामं जास्त आहेत आणि माणसं कमी, तेव्हा ते सोडून बाकी सगळं सांगते.

आधी घर कसं आहे ते सांगायला पाहिजे, कारण त्याशिवाय काम काय होतं ते कळणार नाही. दारावरच्या गणेशपट्टीखाली शके १८३६ कोरलंय, म्हणजे १९१४. शाहू महाराजांचा काळ, खासबागचं मैदान नुकतंच झालेलं आणि पॅलेस थिएटर, म्हणजे आत्ताचं केशवराव भोसले नाट्यगृह, त्याचं बांधकाम चालू होतं ते हेच दिवस. आमच्या आजेसासऱ्यांच्या वडलांचा शाहूपुरीत गुळाचा व्यापार, त्या पैशातनं हे घर उभं राहिलं. जोतं घडीव काळ्या दगडाचं आणि चांगलं उंच, रस्त्यापासनं पायऱ्या चढून ओट्यावर यायचं. मग दार, दाराच्या आत सोपा म्हणजे पुढची बैठकीची जागा, सोप्यापुढं चौक, चौकाच्या पलीकडं माजघर आणि सैपाकघर, त्याच्या मागं परडं, परड्यात आड आणि एक मोठा दगडी हौद. वर माडी. भिंती दोन फुटांच्या वर जाड, खाली काळा दगड, वर भाजकी वीट, आत सांध्यात पांढरी माती आणि चुना. सोप्यातले खांब सागवानी आहेत आणि प्रत्येक खांब दगडी तळखड्यावर उभा आहे, जमिनीत एकही पुरलेला नाही. वर तुळया, तुळयांवर कडीपाट म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्यांचं छत, त्यावर माडीची जमीन.

पण हे सगळं पारंपरिक वाड्यासारखं असलं तरी घराचा पुढचा भाग वेगळा आहे आणि मला तोच जास्त आवडतो. कोल्हापुरात रेल्वे आली १८९१ ला, त्याच्यानंतरच्या काळातल्या घरांत बाहेरच्या वस्तू दिसायला लागतात. आमच्या सज्जाला ओतीव लोखंडाचा कठडा आहे, वेलबुट्टीचा. माडीच्या खिडक्यांवर अर्धगोल कमानीत रंगीत काचा, लाल, हिरव्या, पिवळ्या, सकाळी त्यांचा उजेड जमिनीवर पडतो. कौलं मंगलोरी. बासेल मिशनवाल्यांनी मंगळूरला १८६५ ला या कौलांचा कारखाना काढला आणि मग ती सगळीकडं पसरली. त्याच्या आधी खापरी नळीची कौलं असायची, ती दरवर्षी पावसाच्या आधी परतायला लागायची, मंगलोरीला खाचा असल्यामुळं ती एकमेकांत बसतात आणि सरकत नाहीत. खिडक्यांची पाखं चार, खालची दोन वेगळी आणि वरची दोन वेगळी, खालची लावून वरची उघडी ठेवली की बोळातनं जाणाऱ्याला आतलं काही दिसत नाही आणि वारं मात्र थेट चौकापर्यंत खेळतं. ज्यानं कुणी हे ठरवलं त्या माणसाला घरातल्या बायकांची, उन्हाची, पावसाची सगळ्याची जाण होती. आर्किटेक्ट बिर्किटेक्ट कुणी नव्हता, गवंडी आणि सुतार आणि घरमालक यांनी उभ्या उभ्या ठरवलेलं घर.

आता दुखणं काय होतं ते. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ ला धोका हे इथं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. जामदार क्लबपाशी पाणी आलं की आमच्या भागातली माणसं सामान माडीवर चढवायला घेतात, पण त्या दोन्ही वर्षी पाणी जोतं ओलांडून थेट सोप्यात आलं आणि काही दिवस तिथंच राहिलं. पाणी ओसरलं, गाळ काढला, घर उभं होतं. एकही भिंत हलली नाही. पण त्याच्यानंतर भिंती वाळायचंच नाव घेईनात.

कारण असं की पुराच्या कितीतरी वर्षं आधी घरातल्या मोठ्या माणसांनी एका कंत्राटदाराकडनं खालच्या सगळ्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. त्या काळात सगळेच करत होते, चुना म्हणजे जुनाट आणि सिमेंट म्हणजे मजबूत असंच सगळीकडं सांगितलं जायचं. २०१९ च्या पुरानंतर जिथं जिथं फुगलं तिथं दुसऱ्या एकानं परत सिमेंट आणि वर वॉटरप्रूफिंगचं केमिकल मारून दिलं, त्याच्यावर प्लास्टिक पेंट. त्यानंतर तर वाटोळंच झालं. लोणा लागून कंबरेएवढ्या उंचीपर्यंत भिंत पांढरी, रंग सुटून पडतोय, कपाटाच्या मागं बुरशी, आणि ओल खालनं वर चढत चढत कडीपाटाच्या तुळईच्या टोकापर्यंत पोचली. एका इंजिनिअरनी बघून सरळ सांगितलं की पाडा आणि आरसीसी करा, तीन मजले निघतील. सासूबाईंनी त्या दिवशी जेवण केलं नाही.

मिस्त्री आमच्याकडं आले ते एका ओळखीच्या सुताराच्या सांगण्यावरनं. वय साठीच्या पुढं, लुंगी, टोपी, हातात एक छोटी हातोडी. पहिल्यांदा आले तेव्हा चहा घ्यायच्या आधी भिंतीला हातोडीनं टकटक करत सोप्यातनं माजघरापर्यंत फिरून आले, जिथं पोकळ वाजतंय तिथं खडूनं गोल केले, माडीवर जाऊन तुळयांच्या टोकांत खिळा खुपसून बघितला, परड्यात जाऊन पाणी कुठनं कुठं जातंय ते बघितलं. मग ओट्यावर बसून म्हणाले, "वहिनी, ह्या भित्तीत पाणी शिरणारच की, नदीकाठचं घर हाय. पर शिरल्यालं पाणी भायेर कुठनं पडणार ते सांगा मला. सगळीकडनं लिंपून ठेवलंय." सासूबाईंनी विचारलं की मग वॉटरप्रूफ करायचं का परत, तर म्हणाले, "न्हाई आक्का, आदी हे सगळं काडायचं."

हे मला नंतर नीट कळलं ते असं. दगड-मातीची जाड भिंत जमिनीतनं थोडी ओल घेतेच, पूर्वी ती चुन्याच्या गिलाव्यातनं हवेत उडून जायची. सिमेंट घट्ट असतं, त्यातनं वाफ तेवढी सुटत नाही, मग पाणी आतच अडकतं आणि जिथं फट मिळेल तिथनं बाहेर येतं. पुराच्या पाण्यानं आणि मातीतनं आलेले क्षार त्या पाण्याबरोबर पृष्ठभागाजवळ येतात, पाणी उडून गेलं की त्यांचे खडे तयार होतात आणि ते गिलावा आतनं ढकलतात, तोच आपण ज्याला लोणा म्हणतो तो. शिवाय भिंत मऊ आणि गिलावा कडक असला की दोन्हीचं जमत नाही, भिंत जरा हलली की गिलावा तडकतो. घर बांधलं तेव्हा सिमेंटचा प्रश्नच नव्हता, पोरबंदरचा सिमेंट कारखानाच १९१४ ला सुरू झाला. म्हणजे या घरातली एकूण एक गोष्ट चुना आणि माती धरून केलेली आहे.

कामाची सुरुवात म्हणजे नुसती तोडफोड. सगळं सिमेंट छिन्नी-हातोडीनं काढलं, मशीन लावू दिलं नाही, कारण मशीनच्या हादऱ्यानं आतली वीट फुटते. सांध्यातली खराब माती बोटभर आत जाईपर्यंत खरवडून काढली. आणि मग त्यांनी काय केलं तर काहीच नाही, निघून गेले. भिंती तशाच उघड्या ठेवून अख्खा उन्हाळा वाळू द्यायच्या, खिडक्या दिवसभर उघड्या, बस. घरात धूळ, पाहुणे आले की लाज वाटायची, नवऱ्याची रोज चिडचिड, पण आत्ता सांगते की या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच होता. अधनंमधनं येऊन ब्रशनं भिंतीवरचा पांढरा क्षार झाडून न्यायचे, पाण्यानं धुवायचा नाही, कोरडाच झाडायचा. सिमेंट निघाल्यावर माजघराच्या भिंतीत तीन कोनाडे सापडले, महिरपीचे, विटा घालून बुजवलेले. सासूबाईंना लग्न होऊन आल्यापासनं ते आठवत नव्हते, म्हणजे किती जुने बुजवले असतील. एका कोनाड्यात आतल्या बाजूला मूळ चुन्याचा गिलावा तसाच होता, गुळगुळीत, नखानं खरवडला तर निघेना. मिस्त्रींनी सगळ्या माणसांना बोलवून त्याच्यावर हात फिरवायला लावला. म्हणाले असाच झाला पाहिजे.

चुन्याची तयारी हा तर वेगळाच कार्यक्रम. चुनखडी भट्टीत साधारण ९०० अंशाला भाजली की कळीचा चुना होतो, तो पोत्यातनं मागवला. परड्यातला दगडी हौद, जो आमच्याकडं नुसता पाला पडायला होता, तो धुवून त्यात पाणी भरून चुना सोडला. उकळ्या फुटतात अक्षरशः, वाफा येतात, लहान पोरांना आणि मांजराला त्या दिवशी परड्यात सोडलं नाही, तुम्हीही सोडू नका, डोळ्यात उडाला तर डोळा जातो. माणसांनी हातमोजे घातले होते आणि चष्मे, हे बघून मला बरं वाटलं कारण असल्या कामात हे सहसा कुणी करत नाही. विझलेला चुना पाण्याखाली कित्येक आठवडे तसाच ठेवला, जितका जुना तितका लोण्यासारखा मऊ येतो. मग तो वाळू आणि सुर्खी, म्हणजे विटांची भुकटी, घालून चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाच्या घाण्यात, मळायचा. घाणीला आता बैल नाही, मोटर लावलीय, पण दगडी चाक तेच. त्यात भिजवलेल्या हिरड्याचं पाणी आणि गुळाचं पाणी. हे पाणी घातल्यावर चुना लगेच ओढत म्हणजे आवळत नाही, थापीखाली मऊ चालतो, आणि वाळल्यावर घट्ट होतो. गूळ इथलाच, मार्केट यार्डातनं आणला, खाण्याचा नको, काळपट असला तरी चालतो म्हणाले.

गिलावा तीन हातांत. पहिला हात जाडा, जाड वाळू आणि सुर्खीचा, सांधे भरून काढायला. तो पुरता ओढल्यावर दुसरा, बारीक वाळूचा, आणि शेवटी नुसत्या गाळलेल्या चुन्याचा पातळ हात, तो लाकडी रंध्यानं आणि मग गुळगुळीत दगडानं घोटायचा. घोटणारा त्यांच्याकडं एकच माणूस आहे, तरुण पोरगा, आणि त्याचा हात बघत बसावं असा आहे, सासूबाई खुर्ची टाकून बसायच्या. प्रत्येक हातानंतर ओली गोणपाटं लावून ठेवायची कारण चुना उन्हानं झटकन वाळला तर भुगा होतो, त्याला हवेतला कार्बन डायऑक्साइड सावकाश घेऊन परत दगड व्हायला वेळ द्यावा लागतो. हे पुढं कित्येक महिने चालूच राहतं. वरनं प्लास्टिक पेंट अजिबात नाही, चुन्याचीच सफेदी, त्यात थोडी नीळ, आणि खाली हातभर उंचीचा कावेचा पट्टा जसा जुन्या घरांना असायचा तसा. सोप्यात संध्याकाळी दिवा लावला की भिंत चमकत नाही, मऊ उजेड येतो. फोटोत ते दिसत नाही, येऊनच बघावं लागतं.

लाकडाच्या कामासाठी त्यांनी त्यांच्या ओळखीचा सुतार आणला. खांब तळखड्यावर असल्यामुळं पुरात भिजूनही तळ शाबूत होते, एकच खांब खालनं कुजलेला निघाला कारण त्याच्याभोवती मागं कुणीतरी सिमेंटचा कोबा घालून तळखडा बुजवून टाकला होता. मी म्हटलं खांब बदला, तर सुतार म्हणाला कशाला, वरचा सगळा सागवान चांगला आहे, एवढा जुना सागवान आता विकत मिळेल का. तुळईला जॅक लावून भार घेतला, खालचा कुजलेला तुकडा कापला आणि जुन्याच सागवानाचा पाय सांधा करून बसवला, खुंट्या ठोकून. तुळईची दोन टोकं पण तशीच सांधली. सांधा दिसतो, लपवलेला नाही, आणि मला ते आवडलं. वाळवीचं औषध वेगळं मारून घेतलं.

वायरिंगचं पण सांगते कारण ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली आणि त्याच्यानंतर इथल्या प्रत्येक जुन्या लाकडी घरातल्या माणसाच्या पोटात गोळा आला. ज्या वर्षांत आमचं घर बांधलं त्याच वर्षांतली ती इमारत. त्या रात्री गल्लीतली माणसं तिकडं धावली होती, मोठी माणसं रस्त्यावर रडत होती. आम्ही कडीपाटातनं गेलेल्या सगळ्या जुन्या वायरी काढून नव्या घातल्या, एमसीबी आणि अर्थिंग नीट करून घेतलं, आणि मिस्त्रींनी भिंतीत खाच मारायला ठाम नकार दिला म्हणून वायरी पट्टीतनं भिंतीच्या बाहेरनं घेतल्या. सुरुवातीला डोळ्याला खटकतं, पण भिंत फोडायची नाही हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

आता न आवडलेल्या गोष्टी. फोन उचलत नाहीत, दिवसातनं एकदा संध्याकाळी उचलतात तोही नशीब असेल तर. कधी येणार ते नक्की सांगत नाहीत, दुसऱ्या साइटवर अडकले की आठवडा आठवडा गायब. लेखी कोटेशन देत नाहीत, वहीत पेन्सिलीनं लिहून देतात, ज्यांना बँकेचं कर्ज काढून काम करायचंय त्यांना हे अवघड जाईल. पावसाळ्यात बाहेरचं काम बंद, जून लागला की लागला. मृगाच्या आधी पश्चिमेची भिंत पूर्ण व्हायला पाहिजे होती ती झाली नाही, तिच्यावर ताडपत्री बांधून पावसाळा काढावा लागला, त्याचं नियोजन त्यांनी आधी करायला हवं होतं. आणि न्हाणीघरात आम्हाला टाइल्स पाहिजे होत्या, त्याला ते तयारच नव्हते, शेवटी दुसरा माणूस बघितला. जिथं रोज पाणी पडतं तिथं टाइल्स लागतातच असं माझं मत आहे, इथं त्यांचं ऐकलं नाही.

पैशाचं म्हणाल तर सिमेंटच्या गिलाव्याच्या दीडपटीच्या आसपास गेलं, सुतारकाम वेगळं. मजुरी जास्त आहे, माल त्यामानानं स्वस्त. पण दर दोन वर्षांनी परत परत तोच गिलावा आणि तोच रंग करण्यात आमचे जेवढे गेले ते धरले तर महाग म्हणवत नाही. शिवाय घर पाडून तीन मजले काढले असते तर तो कठडा, त्या काचा, तो कडीपाट हे सगळं भंगारात गेलं असतं, त्याची किंमत कुठल्या हिशोबात धरायची.

काम झाल्यानंतर एक पूर्ण पावसाळा गेलाय. खालच्या बाजूला एका ठिकाणी हातभर जागेत परत थोडा लोणा आला, मिस्त्रींना दाखवला तर म्हणाले आतला उरलेला क्षार निघतोय, झाडत राहा, एखादा पावसाळा असं होणार, नाहीच थांबला तर तेवढाच तुकडा काढून परत लावून देतो, त्याचे पैसे नकोत. बाकी भिंती कोरड्या. कपाटं भिंतीपासनं चार बोटं लांब ठेवायला सांगितलीत, ती ठेवलीत. घरात तो कुबट वास यायचा तो गेला, आणि दुपारी सोप्यात पंख्याशिवाय बसता येतं.

ज्यांना असं काम करून घ्यायचंय त्यांनी एवढं बघा. माणूस चुन्याचं काम करतो म्हणाला तर त्याला विचारा की चुना किती दिवस भिजवणार, आणि त्यात सिमेंट किती टाकणार. थोडं सिमेंट टाकल्याशिवाय जमत नाही म्हणाला तर दुसरा माणूस बघा. आधी केलेलं काम दाखवायला सांगा आणि ते पावसाळ्यात किंवा पावसाळा संपल्या संपल्या जाऊन बघा, उन्हाळ्यात सगळ्याच भिंती चांगल्या दिसतात. आरसीसीच्या घराला याचा उपयोग नाही, तिथं हा खर्च करू नका. आणि बोलणी दिवाळीच्या आसपास करून ठेवा, म्हणजे संक्रांतीनंतर तोडायला घेता येईल आणि वाळायला पूर्ण उन्हाळा मिळेल. कुणाला प्रत्यक्ष बघायचं असेल तर रविवारी सकाळी सांगून या, सासूबाई स्वतः फिरवून दाखवतात, कोनाड्यांपासनं सुरुवात करतात.